फ्रीजची करंज, टीव्हीचा शेवगा

आमच्या गल्लीतला कडुलिंब मी तोडायला लावला. नगरपालिकेची माणसं येऊन तोडून गेली असं मी सांगितलं, ते खोटं होतं. एवढं आधीच सांगून टाकतो. कारण पुढं माणिकनानांबद्दल मी जे लिहिणार आहे त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्या हसण्यात माझी चूक झाकून जायला नको. झाकायची मला सवय आहे.

तर नाना. लातुरात जिकडं बघावं तिकडं क्लासेसच्या पाट्या दिसतात, अशा भागात आमची गल्ली आहे. सकाळी सहाला पोरंपोरी दप्तरं पाठीला लावून फिजिक्सला निघतात, आणि त्याच वेळेला नाना लुंगी लावून, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकचं स्टूल घेऊन आंघोळीला निघतात. घरात न्हाणीघर आहे. फरशी आहे, नळ आहे, दाराला कडीसुद्धा आहे. पण नाना रस्त्याकडेच्या एखाद्या झाडाच्या आळ्यात स्टूल मांडतात आणि साऱ्या गल्लीदेखत आंघोळ करतात. रोज झाड वेगळं.

"आज कुणाची पाळी, नाना?" कुणीतरी विचारतंच.

"फ्रीजची," डोक्यावर तांब्या ओतत नाना सांगतात. "उद्या टीव्ही."

नव्यानं आलेल्या पोरांना हे कुणीतरी समजावून द्यावं लागतं. नानांच्या घरात विजेवर किंवा पेट्रोलवर चालणारी जी जी वस्तू आहे, तिच्या नावानं गल्लीत एक झाड आहे. फ्रीजची करंज. टीव्हीचा शेवगा. स्कूटर जुनी, धूर जास्त काढणारी, म्हणून तिला चिंच आणि आपटा अशी दोन. मिक्सरला सीताफळ, "त्यो काय रोज चालत न्हाई." त्या वस्तूनं जेवढा धूर आभाळात सोडला तेवढा त्या झाडानं परत ओढून घ्यायचा, असा हा करार. आंघोळीला नाना साबण लावत नाहीत, डाळीचं पीठ लावतात. साबणानं फ्रीजची मुळं खराब होतात.

नाना वीज मंडळात लाइनमन होते. जन्मभर खांबावर चढले आणि तारांना लागणाऱ्या फांद्या छाटत राहिले. त्यामुळं झाड लावायच्या आधी ते खड्ड्याच्या जागी उभे राहून दोन्ही हात पसरून वर बघतात. "तारंखाली लावलं की आमच्याच खात्याचा मानूस येनार कोयता घिऊन," म्हणतात. "मी स्वतः आलो असतो."

निवृत्त झाले तरी मीटर बघायची सवय काही गेली नाही. कुणाच्याही घरी जाताना आधी मीटरपुढं उभे राहतात आणि मग दार वाजवतात. एकदा आमच्या दारात येऊन म्हणाले, "सर, तुमच्याकडं पाव्हणे आले वाटतं. मीटर लई पळून राहिलाय." नांदेडहून माझी सासुरवाडी आली होती, सात माणसं. तासाभरात नाना रामफळाचं रोप घेऊन हजर.

"हे कशाला, नाना?" माझी बायको सुनंदा म्हणाली.

"पाव्हन्यांचं. चार दिवस गिझर चालनार, कूलर चालनार. त्येंनी धूर करून नांदेडला जायाचं आन् आपन निस्तं बघायचं का?"

माझे सासरे गृहस्थ शांत. त्यांनी खाली उतरून स्वतःच्या हातानं ते रोप लावलं आणि त्यानंतर लातूरला आले की आधी रामफळाला भेटून मग लेकीला भेटतात. सुनंदा यावरून अजून बोलते.

फ्रीजच्या बाबतीत तर नाना वैद्य आहेत. घरात आले की फ्रीजच्या कुशीवर तळवा ठेवून डोळे मिटतात. "ह्येचं रबर गेलंय, सर. दार बराबर बसून न्हाई राहिलं. रबर बदला, न्हाईतर आनखी एक झाड लावा. दोनातलं एक करा." मी झाड लावतो म्हणालो. नानांनी मला आळं करायला लावलं आणि मी वाकलेला पाहून म्हणाले, "जंगलातला मानूस आन् कुदळ अशी धरतो?" मी मूळचा किनवट तालुक्यातला, इस्लापूरकडचा. सागाच्या सावलीत वाढलो, शिकवायला म्हणून लातूरला आलो तो इथलाच झालो. नाना हे कधी विसरत नाहीत आणि मला विसरू देत नाहीत.

ते स्कूटर एकट्यानं चालवत नाहीत. मागची सीट मोकळी गेली तर धूर निम्मा वाया, असा त्यांचा हिशेब. बाजाराला निघताना स्कूटर चालू न करता कोपऱ्यावर उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, "चौकात येनार का?" एकदा एक माणूस चुकून बसला. त्याला जायचं होतं उलट्या दिशेला, स्टँडकडं. पण एवढ्या म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणावं, म्हणून चौकापर्यंत गेला आणि तिथून रिक्षा करून परत आला. हे कळल्यावर नानांनी त्या रिक्षाच्या नावानंही एक करंज लावली.

त्यांची बहीण, अक्का, त्यांच्याबरोबर राहते. नांदेडला दिलेली, नवरा वारल्यावर भावाकडं आलेली. नानांना काबूत ठेवायला देवानं तिला नेमलं असं गल्लीचं मत आहे, आणि देवाला ते जमलं नाही असं तिचं स्वतःचं. लातूरला पाण्याची रेल्वे आली त्या उन्हाळ्यात टँकर आठ-आठ दिवसांनी यायचा. तेव्हाही नाना अर्ध्या बादलीत झाडाखालीच आंघोळ करायचे. माझ्या क्लासमधल्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी ते घागरीनं न्यायचे, मी नळी थेट बाहेर काढून दिली तर म्हणाले, "नळीला पाळी कळत न्हाई." अक्का ओट्यावरून ओरडायची, "मानसाला प्यायला न्हाई आन् ह्येंच्या फ्रीजला आंघुळ."

"तू फ्रीज बंद कर, मी आंघुळ बंद करतो," नाना म्हणायचे. त्या मे महिन्यात फ्रीज बंद करायची अक्काची तयारी नव्हती.

आता हे सगळं खूळ त्यांच्या डोक्यात घातलं कुणी? मीच. एकदा वर्गातला पंखा दुरुस्त करायला ते स्टुलावर चढले होते आणि खाली मी पोरांना शिकवत होतो. विषय दुसराच होता, पण मला फाटे फोडायची खोड आहे. मी म्हणालो, झाडाचं लाकूड मातीतून होतं असं आपल्याला वाटतं, पण ते बहुतेक सगळं हवेतून होतं. कोळसा, पेट्रोल, लाकूड जळलं की त्यातला कार्बन वायू होऊन वर जातो. झाड पानांनी तो ओढून घेतं आणि त्याचं खोड करतं.

वरून आवाज आला, "म्हंजे, सर, परळीला विजेसाठी कोळसा जळतो, त्येचा धूर आमच्या गल्लीतल्या झाडात बसतो?"

"बसू शकतो," मी म्हणालो.

"बसू शकतो का बसतो?"

पोरं हसायला लागली. मी म्हणालो, "बसतो."

"आन् त्येच झाड पुन्हा जाळलं तर?"

"तर पुन्हा वर जातो."

नाना स्टुलावरून उतरले. पंखा तसाच उघडा ठेवून घरी गेले, ते दोन दिवसांनी परत आले. मधल्या दोन दिवसांत त्यांनी घरातल्या एकेका वस्तूपुढं बसून तिचा धूर ठरवला होता.

त्या वेळी गल्लीत नानांचं एकच झाड होतं, ते म्हणजे माझ्या क्लाससमोरचा हा कडुलिंब. आमच्याकडं नुसतं लिंब म्हणतात. तो फार जुना, नाना या गल्लीत राहायला आले तेव्हाचा. त्याला त्यांनी कुठलीही वस्तू नेमून दिली नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "त्येचं आधीच ठरल्यालं हाय," आणि विषय टीव्हीकडं नेला. मी पुढं विचारलं नाही. मला क्लासला उशीर होत होता. मला नेहमीच क्लासला उशीर होत असतो.

आता माझी गोष्ट. लातूरच्या बाहेरच्या माणसाला निकालाचा आठवडा म्हणजे काय ते कळायचं नाही. त्या आठवड्यात इथं भिंत दिसत नाही, फ्लेक्स दिसतात. प्रत्येक क्लासवर गुण मिळवलेल्या पोरांचे चेहरे, माणसापेक्षा मोठे. त्याच आठवड्यात हिमायतनगर, देगलूर, उदगीरकडचे पालक पोराला घेऊन येतात, मान वर करून एकेक फ्लेक्स वाचत हिंडतात आणि त्यावरून क्लास ठरवतात. माझा क्लास लहान. त्या वर्षी पहिल्यांदा माझ्याकडं लावण्यासारखे तीन चेहरे होते. फ्लेक्स लावणारा शिडीवरून म्हणाला, "सर, तिसरी पोरगी पानाआड जाऊन राहिली."

ती तिसरी माझी सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी, बाप किनवटला शिवणकाम करणारा. तिच्यासाठी तोडलं असं मी पुष्कळ दिवस मनाला सांगितलं. तेही खरं नाही. मला तीन दिसायला हवे होते, दोन नव्हे.

फांद्या छाटायला म्हणून माणूस बोलावला. त्यानं बुंध्यावर हात ठेवून विचारलं, "निस्त्या फांद्या का बुडातून? फांद्या पुन्हा येतात, सर." मी म्हणालो, "एकदाच काय ते करून टाक." हे शब्द माझेच. नाना तेव्हा नांदेडला होते. अक्काची मुलगी तिथं असते, तिच्याकडं राहून त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. ते गल्लीत असते तर मी तोडलं असतं का? नसतं. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं.

आठ दिवसांनी नाना परतले. काळा चष्मा, हातात औषधाच्या थेंबांची बाटली, अक्कानं दंड धरलेला. रिक्षातून उतरले आणि माझ्या क्लाससमोर थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मला म्हणाले, "सर, ऑपरेशन बिघडलं वाटतं. तितं लिंब दिसून न्हाई राहिला."

ते थट्टा करत नव्हते. खरंच घाबरले होते. डोळा गेला की काय अशा भीतीनं त्यांचा हात अक्काच्या हातावर गच्च बसला होता.

"डोळा ठीक आहे, नाना," मी म्हणालो. "नगरपालिकेवाले आले होते. तोडून गेले."

"हाव का?" एवढंच म्हणाले. मग उरलेल्या बुंध्याशी जाऊन वाकले, बोटानं काप चाचपला आणि विचारलं, "लाकूड कुटं नेलं?"

"ते काही माहीत नाही."

हे दुसरं खोटं.

दुसऱ्या दिवसापासून नाना नगरपालिकेत जाऊ लागले. तिथं आता महानगरपालिका झाली आहे, पण नानांच्या लेखी अजून नगरपालिकाच. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. त्यांना झाड का तोडलं हे विचारायचं नव्हतं. अर्जाचा विषय होता: लिंबाचे लाकूड कोठे नेले याबाबत. खाली एकच प्रश्न. लाकूड जाळले की त्याची चौकट, बाज वा इतर वस्तू केली, हे कळवावे.

बागेच्या विभागातून वखारीच्या विभागात, तिथून झोन ऑफिसला, तिथून परत. झाड तोडल्याची नोंदच कुठं नव्हती, कारण त्यांनी ते तोडलंच नव्हतं. कारकून म्हणायचा, "काका, तोडलंच न्हाई आमी." नाना म्हणायचे, "भिऊ नका. मी तक्रार करून न्हाई राहिलो. निस्तं लाकूड सांगा." चौथ्या खेपेला त्या कारकुनानं त्यांना बाकावर बसवलं, चहा पाजला आणि घरी जा म्हणून हात जोडले. पाचव्या खेपेला नाना त्याच्यासाठी शेवग्याच्या शेंगा घेऊन गेले.

स्कूटर चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून पायी जायचे. ऊन होतं, रस्त्याला धूळ होती. डोळा लाल झाला. अक्का क्लासवर आली. एरवी ओरडून बोलणारी बाई, त्या दिवशी हळू बोलली. "सर, तुमचं ऐकतो त्यो. डॉक्टर म्हन्ले, धूळ बसली तर डोळा जाईल. त्येला म्हनावं, आता बास."

अक्का गेल्यावर मी काहीच शिकवू शकलो नाही. पोरांना गणितं सोडवायला दिली आणि फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो. मग नानांच्या घरी गेलो. जाताना ठरवलं होतं तेही सांगतो. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की मी चौकशी केली, लाकडाची चौकट झाली, आता जाऊ नका. म्हणजे तिसरं खोटं मी तयार करून नेलं होतं, आणि ते दयेपोटी आहे असं माझ्या मनानं मला पटवलंही होतं.

नाना ओट्यावर बसून डोळ्यावर ओला रुमाल धरून होते. मला बघून सरकले.

"नाना, एका लाकडासाठी डोळा घालवता का?" मी म्हणालो.

"बसा," नाना म्हणाले. "सर, तुमी इस्लापूरला असाल तवा. भूकंपाला."

"नववीत होतो. आमच्याकडं फळीवरची भांडी तेवढी वाजली."

"मी ड्युटीवर हुतो, लातूरला. गाव आमचं किल्लारीच्या अंगाला. पोचलो तवर दुपार झालती. आई, बायकू, दोन पोरी." त्यांनी चार बोटं दाखवली नाहीत, नुसती हाताची मूठ मिटली. "पाऊस चालू हुता. लाकूड कुटून आनायचं? समद्या गावालाच लाकूड पायजे हुतं. दारात लिंब हुता आमच्या. मी लाइनमन. फांद्या छाटायचा हात माझा. त्यो तोडला. हिरवा लिंब जळत न्हाई, सर. निस्ता धूर करतो. लई धूर झाला त्या दिशी आमच्या घरचा."

आत अक्काची भांडी थांबली होती.

"त्येच्याच बुडाला उगवल्यालं रोप हितं आनून लावलं. कामून लावलं मला ठावं नव्हतं. तुमी पंख्याखाली शिकवलं तवा कळलं. धूर गेला कुटं, असं मला लई वरसं वाटायचं. तुमी म्हन्ला, झाडात बसतो." नानांनी रुमाल उलटा केला. "झाड तोडलं त्येचं काय न्हाई. बुडातून फुटतो लिंब, फुटंल. निस्तं लाकूड जाळलं का ऱ्हायलं एवढं कळलं की मी बसून राहतो घरी."

एखादा अणू कुठून निघतो आणि कुठं जातो हे मला शिकवता येतं. त्या दिवशीचा धूर साऱ्या पृथ्वीवर पसरला असेल, हेही मला सांगता आलं असतं. ते मी सांगितलं नाही. आणि तयार करून आणलेली चौकटही तोंडातून बाहेर येईना.

"जाळलं, नाना," मी म्हणालो.

नानांनी रुमाल खाली घेतला. "तुमाला कोन सांगितलं?"

"कुणी नाही. तोडायला मीच लावलं. फ्लेक्स दिसत नव्हता म्हणून. नगरपालिकेवाले आलेच नव्हते. लाकूड क्लासच्या वरच्या हॉस्टेलला दिलं, बंबासाठी."

"समदं?"

"सगळं."

अक्का दारात येऊन उभी राहिली होती. नाना समोरच्या मिक्सरच्या सीताफळाकडं बघत राहिले.

"पोरं कुटली हायत वर?" त्यांनी विचारलं.

"किनवटची आहेत. हिमायतनगरची. दोघं देगलूरची."

"घर सोडून आल्याली."

"हो."

"पानी तापलं का चांगलं?"

"तापलं. नीट वाळलेलं नव्हतं, तरी तापलं."

"धूर झाला आसंल."

"झाला."

नानांनी मान हलवली. हिशेब लागल्यावर हलवतात तशी. मग म्हणाले, "एक लिंब चौघांना गेला, एक पोरांच्या आंघुळीला. ठीक हाय. उद्या नगरपालिकेत जायाचं न्हाई मग." अक्काकडं वळून म्हणाले, "सरांना च्या टाक. गॅसवर टाक, त्येचं झाड लावू."

मी बसून राहिलो. विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी दिली होती, तोंडी परीक्षेत पोरं देतात तशी, एकेक, खरी. पण जे कुणी विचारत नसतं आणि ज्यासाठी मी खरं तर यायला हवं होतं, ते अजून बोललो नव्हतो. चहा आला. नानांनी बशी माझ्या हातात दिली. मी ती खाली ठेवली, ओट्यावरून उतरून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "नाना, माझं चुकलं. मी झाड तोडलं आणि तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा."